किसनरावांची जीभ

दारव्हा तालुक्यात लग्न ठरलं की दोन माणसांना विचारून पुढं जायची रीत होती. मुहूर्तासाठी भटजीला आणि पंगतीसाठी किसनरावांना. त्यातला भटजी अडीअडचणीला दुसरा चालून जायचा.

तसे किसनराव चारचौघांसारखे शेतकरी. कापूस, सोयाबीन, मधून तुरीचे तास, दारात एक म्हातारा ट्रॅक्टर. देवानं त्यांना रूप दिलं नाही, उंची दिली नाही, बोलायची हातोटी तर अजिबातच नाही. सगळं भांडवल जिभेच्या शेंड्यावर ठेवलं. मांडवात पहिली पंगत बसण्याआधी आचारी वरणाचा पळा घेऊन त्यांच्यापुढं यायचा. किसनराव चमच्याला हात लावत नसत. तळहात पुढं करायचे, त्यावर थोडं वरण घ्यायचे, चाखायचे आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ बँडवालेसुद्धा दम खात. "बसू द्या" म्हणाले की पंगत बसली. "अर्धी मूठ मीठ" म्हणाले की आचारी पळत सुटला. मारेगावकडच्या एका लग्नात वरणाला दोन विहिरींचं पाणी वापरलंय हे त्यांनी नुसतं चाखून ओळखलं, असं लोक सांगतात. खरंखोटं पाहायला विहिरीवर कोण गेलं होतं, ते मात्र कोणी सांगत नाही.

घरी हीच परीक्षा दिवसातून दोनदा व्हायची आणि परीक्षेला बसायची एकटी बायको, विमलताई. भाजी जमली तर किसनराव गप्प जेवत. बिघडली तर ताट सरकवत. सून आली तरी परीक्षेला विमलताईच बसत राहिल्या, कारण सुनेच्या भाजीला सासऱ्यानं नावं ठेवायची नसतात.

आणि यंदा संक्रांतीच्या सुमारास ही जीभ गेली.

ताप आला, सर्दी झाली. दोन्ही बरे झाले, पण जाताना वास घेऊन गेले आणि वासामागोमाग चव. किसनरावांना आधी वाटलं, विमलचा हात बिघडला. मग वाटलं तेल भेसळीचं आहे, मग गूळ भेसळीचा आहे, मग सरकारच भेसळीचं आहे. शेवटी कोणाला न सांगता एसटीनं यवतमाळला जाऊन डॉक्टरला दाखवून आले. डॉक्टर म्हणाला, "येईल हळूहळू. एखाद्याची नाही पण येत." स्टँडवर त्यांनी समोसा घेतला. ओला कापूस चावावा तसं झालं. अर्धा समोसा कागदात गुंडाळून ते बाकावर बसून राहिले, आणि त्यांना पोरासारखं रडू आलं. घरी येऊन मात्र चकार शब्द काढला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता गंमत अशी की, चव गेल्यापासून त्यांचा मान वाढला. उन्हाळ्यात लग्नांचा धडाका होता. पळा पुढं आला की किसनराव वरण चाखायचे आणि आचाऱ्याचं तोंड पाहायचे. गडी निर्धास्त असला तर "बसू द्या". नजर चोरत असला तर "जरा आच मंद कर". या सल्ल्यानं आजवर कोणाचं वरण बिघडलेलं नाही. पूर्वी खोड काढणारे किसनराव आता दिलदार झाले, अशी आचाऱ्यांत हवा झाली, आणि जे त्यांना टाळायचे तेही आग्रहानं बोलावू लागले. प्रत्येक मांडवात किसनरावांना वाटायचं, आज पितळ उघडं पडणार. पण धास्ती आतच राहायची, आणि वरून फेटा बांधला जायचा.

असंच निभावलंही असतं. पण मुलगा रजत यानं यवतमाळ रोडवर हॉटेल काढायचं मनावर घेतलं. शेड उभं राहिलं, टेबलं आली आणि सगळ्यात आधी पाटी रंगवून आली: 'किसनराव पंगत'. बाजूला तळहात पुढं केलेल्या किसनरावांचं चित्र. पेंटरनं तळहात तोंडाहून मोठा काढला होता. राहिला होता फक्त आचारी. रजतला कोणीतरी सांगितलं की चिखलदऱ्याला एका हॉटेलात आपल्याकडचं जेवण बनवणारा एक जण आहे, आणि लोक दऱ्याखोरी सोडून त्याच्या वांग्याच्या भाजीसाठी पहाड चढतात.

"बाबा, पोळ्याच्या आधी जाऊन येऊ," रजत म्हणाला. "निंदण तं झालंच आहे. दोन दिवस नुसतं खायचं. तुमी चाखा. तुमी हो म्हटलं तं त्याले आणतो, नाही म्हटलं तं सोडून देतो. मले माया जिभेचा भरोसा नाही."

किसनरावांना घाम फुटला. दुसऱ्याच्या पंगतीत आच मंद करून भागत होतं. पण पोरानं होतं नव्हतं ते या हॉटेलात घातलं होतं. त्याचा आचारी काय तोंड पाहून निवडायचा?

"माये गुडघे दुखून राह्यले," ते म्हणाले.

"गुडघ्यानं थोडीच खायचं आहे, बाबा?" सून समीक्षा म्हणाली, आणि गाडी ठरली.

गाडीत खाणं नेर गाव यायच्या आधीच सुरू झालं. चिवडा संपला, अमरावतीला कचोरी झाली, परतवाड्याला भजी झाली. प्रत्येक पदार्थाला तिघंही आधी किसनरावांच्या तोंडाकडं पाहायची. किसनराव कचोरीला "ठीक" म्हणाले. समीक्षानं हातातली कचोरी पिशवीत परत ठेवली. तिला ती फार आवडली होती, पण बाबा नुसतं ठीक म्हणाले म्हणजे त्यात काहीतरी असणार. भज्यांना ते "चांगली" म्हणाले, तर रजतनं कच्च्या पिठाची भजी पुन्हा एक प्लेट मागवली. विमलताई खिडकीशी बसून नवऱ्याकडं पाहत होत्या.

चिखलदऱ्यात धुकं इतकं होतं की पॉइंटवर लोक पांढऱ्या पडद्यापुढं उभे राहून फोटो काढत होते. ही मंडळी दऱ्या पाहायला आलीच नव्हती. खोलीवर सामान टाकून ती थेट हॉटेलात गेली. रजतनं बापाचं नाव सांगताच आचारी आतून धावत आला आणि किसनरावांच्या पाया पडला.

"काकाजी! वळखलं नाही? मी उत्तमसिंग. आपल्या दारव्ह्याजवळच्या तांड्यावरचा."

काखेत कळसा अन् गावाला वळसा. ज्याच्यासाठी एवढा घाट चढले, तो घरापासून हाकेच्या अंतरावरचा निघाला.

"मी नवा होतो तवा तुमी मायं वरण वापस पाठवलतं," उत्तमसिंग हसत म्हणाला, पण डोळे भरले होते. "भरल्या मांडवात. तवाच ठरवलं, काकाजीच्या तोंडून एक दिवस 'वा' काढतो. आज मी सोताच्या हातानं वाढतो, बसा."

भाकरी आल्या, वरण आलं, वर तेलाचा तवंग आलेली वांग्याची भाजी आली. उत्तमसिंग खांद्यावर पंचा टाकून समोर उभा राहिला. किसनरावांनी तळहातावर भाजी घेऊन चाखली. तोच ओला कापूस. सवयीनं त्यांनी आचाऱ्याचं तोंड पाहिलं, तर त्यावर भीती आणि आशा दोन्ही इतक्या दाटल्या होत्या की त्यातून मिठाचा काही अंदाज निघेना.

"वा," किसनराव म्हणाले. "एक नंबर."

उत्तमसिंग पंच्यानं डोळे पुसत आत गेला. मग रजतनं पहिला घास घेतला. त्याचा जबडा मधेच थांबला. त्यानं बापाकडं पाहिलं. बाप शांतपणे जेवत होता. रजतनं घास गिळला आणि म्हणाला, "वा." समीक्षानं घास घेतला, लगेच अर्धा ग्लास पाणी प्यायली आणि म्हणाली, "येगळीच चव आहे, नाही?" बापाच्या जिभेपुढं आपली जीभ खरी मानायची त्या घरात कोणाला सवयच नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तसं ते जेवण चाललं. पाण्याचा जग दोनदा भरून आला. किसनरावांना वाटलं, भाजी तिखट असावी, म्हणून ते मुद्दाम म्हणाले, "तिखट असं पाहिजे!" रजतनं मान डोलवली. भाजीत तिखट नावालाच होतं.

जेवण उरकत आलं तसा उत्तमसिंग पुन्हा बाहेर आला, तो पांढराफटक पडून. आत त्यानं स्वतः भाजी चाखली होती.

"काकाजी, माफ करा," तो हात जोडून म्हणाला. "तुमी आले म्हणून हात कापून राह्यला होता माया. मीठ दोनदा पडलं. अन् तुमी तं... तुमी सगळ्याईपुढं मले वा म्हटलं! मायी इज्जत ठेवली तुमी."

रजत बापाकडं असा पाहत होता, जणू समोर कोणी संत बसला आहे. समीक्षानं डोळ्याला पदर लावला. "केवढं मन आहे बाबाचं," ती म्हणाली. "खारट भाजी पोटभर जेवले, पण गरिबाचा मान नाही जाऊ दिला."

किसनराव ताटातली उरलेली भाजी भाकरीनं पुसू लागले. रजतनं उत्तमसिंगला तिथल्या तिथं पोळा झाल्यावर कामावर यायला सांगितलं. ज्याची भाजी कोणाच्या घशाखाली उतरत नव्हती, तो आचारी किसनरावांच्या शब्दावर पक्का झाला.

किसनरावांचा रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी पॉइंटजवळ भुट्टेवाला बसला होता. चौघं त्याच्या शेगडीभोवती उभे होते तेव्हा त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

"रजत, मले चव लागत नाही. संक्रांतीपासून. काल मले मीठबीठ काही समजलं नाही. मी खोटं बोललो."

समीक्षा हसली. "बाबा, मोठी माणसं असंच बोलतेत!"

किसनरावांनी भुट्टेवाल्याच्या ताटातून अर्धं लिंबू उचललं, तोंडात टाकलं आणि सालीसकट सावकाश चावून गिळलं. त्यांची पापणी हलली नाही. भुट्टेवाल्याच्या तोंडाला मात्र पाणी सुटलं. समीक्षाचं हसू मावळलं.

रजतनं त्यांना बाजूला घेतलं. "आणखी कोणाले सांगितलं?"

"कोणालेच नाही."

"मंग आता सांगू बी नका." त्यानं सुस्कारा टाकला. "पाटी तयार झाली, बाबा. लोकं तुमच्या नावानं येतीन. उत्तमसिंगचं म्हणाल तं मीठ कोणाचंबी दोनदा पडते. तुमी गल्ल्यावर बसा, कोणी मोठं गिऱ्हाईक आलं तं हात पुढं करून डोळे मिटा. बस झालं."

आणि तो समीक्षाला घेऊन धुक्यात फोटो काढायला गेला.

हे उघडं पडलं की आभाळ कोसळेल, असं किसनरावांना इतके महिने वाटत होतं. इथं तर एक ढगही हलला नाही. त्यांना एकाएकी कळलं की लोकांना त्यांची जीभ नकोच होती. पुढं केलेला हात आणि मिटलेले डोळे एवढंच पुरत होतं. कदाचित पहिल्यापासूनच. चव गेली त्याचं दुःख होतंच, पण हे त्याहून जास्त लागलं. आणि चव नसताना रोज दोन वेळा जेवणं कसं असतं, हे पोरानं विचारलंही नव्हतं.

"मले माहीत होतं," मागून विमलताई म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"होळीपासून तुमची भाजी मी येगळी काढून ठेवते. त्यात मीठच नाही टाकत. वाटे, आज तरी म्हणाल हे काय आहे. आज तरी ताट सरकवाल. इचारलं तं तुमी म्हणता, बरोबर आहे. अन् मी मोरीत जाऊन रडते."

किसनराव थक्क होऊन तिच्याकडं पाहत राहिले. "मंग बोलली काहून नाही?"

"तुमी सांगाल म्हणून."

त्यांना लाज वाटली. आपण एकटेच हे ओझं घेऊन फिरतो असं ते समजत होते, आणि ही बाई रोज आपल्याच घरात, आपल्यापासूनच लपून रडत होती. भुट्टेवाल्यानं दोन भाजलेले भुट्टे पुढं केले. किसनरावांनी एक तिला दिला, एक स्वतः धरला. तिनं दाणे तोडून तोंडात टाकले.

"कसा लागते?" किसनरावांनी विचारलं.

विमलताईंनी मान वर केली. "मले इचारता?"

"तुलेच. मले सांग, कसा लागते."

विमलताई गोंधळल्या. उभा जन्म त्यांनी रांधलं होतं आणि चव दुसऱ्यानं सांगितली होती; स्वतः सांगायची वेळ आली तर शब्द सापडेनात. त्यांनी आणखी एक घास घेतला, नीट चावला.

"कवळा आहे," त्या म्हणाल्या. "गोड आहे. एका अंगानं जळला, पण ते जळलेलंच चांगलं लागून राह्यलं. अन् लिंबू हात राखून लावलं त्यानं."

"आणखी?"

"आणखी काय? थांबा, पह्यले मले खाऊ तं द्या."

किसनराव हातातला भुट्टा तसाच धरून थांबले.