जयाबेन पडल्या आणि मी गप्प राहिले

मंडळी, आज माझीच मला लाज वाटतेय.

आमच्या गोडदेवच्या सोसायटीत पार्किंगच्या फरशीला नुकतंच इपॉक्सीचं गुळगुळीत कोटिंग केलंय. त्यावर फक्त ओला मॉप फिरवा, साबण नको, घसरायला होतं, असं कमिटीने बजावलं होतं. पण आमच्या गाडीखाली तेलाचा डाग दिसला आणि मला राहवेना. सकाळी कपड्यांची पावडर टाकून घासलं, बादलीभर पाणी ओतलं आणि चहा करायला वर आले.

थोड्या वेळात खाली आरडाओरडा झाला, म्हणून धावत उतरले. पहिल्या मजल्यावरच्या जयाबेन मनगट धरून जमिनीवर बसल्या होत्या. "किसने धोया ये?" कुणीतरी ओरडलं. मी तिथेच उभी होते, पण तोंडातून शब्द फुटेना.

जयाबेनच म्हणाल्या, "अरे, मेरी चप्पल ही घिसी हुई है."

हाताला प्लास्टर लागलंय. दुपारी त्यांच्या घरी जाऊन रडत रडत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मालूम है. गॅलरी से देखा था तुमको. सबके सामने क्या बोलती?"



सोसायटीच्या ग्रुपवर अजून सगळे त्यांनाच जपून चालायला सांगतायत. तिथे खरं काय ते लिहायला घेते आणि पुसते. इथे तुमच्यासमोर सोपं गेलं. शेजाऱ्यांसमोर इतकं जड का जातंय?