पाच सुवासिनींचं पॅकेज

मार्गशीर्षातला दुसरा रविवार, सकाळचे अकरा. रक्कम चार हजार रुपये, वर अठरा टक्के जीएसटी. हजर: मी, बायको, आमची मुलगी आणि इव्हेंट कंपनीकडून आलेली, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली एक तरतरीत पोरगी. विषय: मुहूर्ताची हळद कांडायला पाच सुवासिनी पुरवणे.

आमच्याकडे लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी ही हळद कांडतात. मुसळाला आंब्याची पानं बांधायची, पाच जणींनी मिळून ते धरायचं, गाणी म्हणायची. बाया आसपासच्याच असतात. आज तुमच्या घरी, उद्या आमच्या. नागपूरच्या या ले-आउटमध्ये आम्हाला बावीस वर्षं झाली आणि इथल्या बहुतेक लग्नघरांत माझी बायको मुसळ धरून आली आहे. आता स्वतःच्या लेकीसाठी ती कुंकवाचा करंडा घेऊन पाच घरी गेली. चौघींनी थेट हॉलवरच येतो म्हणून सांगितलं. त्यांतल्या एकीची त्या दिवशी भिशी होती. दुसरीनं तर दारही उघडलं नाही, फाटकावरच्या कॅमेऱ्यातूनच आवाज दिला.

पाचवी समोरच्या घरातली. वय साठीला टेकलेलं, गुडघे गेलेले. बायकोला विषमज्वर झाला तेव्हा आमचा डबा तिच्या घरून येत असे, आणि तिच्या मुलीच्या लग्नात बायको दोन दिवस तिच्याच घरी मुक्कामाला होती. ती म्हणाली, "येतो ना वं. आता बोलावणं लागते का मले?"

बायकोला एवढंच हवं होतं. पाचांत निदान एक आपली असावी.

म्हणून मी लॅपटॉपवाल्या पोरीला म्हटलं, एक बाई आमची आहे, तुम्ही चारच पाठवा. ती म्हणाली की पॅकेज पाचाचं आहे, चार घेतल्या तरी पैसे पाचांचेच लागतील. मग पाचही येऊ द्या, असं मी म्हणालो. जे पैसे जाणारच आहेत त्याचा माल पूर्ण घ्यावा, हा माझा आयुष्यभराचा नियम. आमच्या मुलीनं मान डोलावली.

हळदीच्या दिवशी कंपनीच्या पाच बाया एका गाडीतून उतरल्या. पाचही जणींना सारख्या पिवळ्या साड्या, सारखे गजरे. मुसळही कंपनीचंच, फायबरचं, रंगवलेलं, इतकं हलकं की फोटोग्राफरनं ते दोन बोटांनी उचलून ठेवलं. गाणी स्पीकरवर.

तेवढ्यात समोरची आली. जांभळं इरकल नेसलेली, खांद्यावर तिच्या घरचं सागवानी मुसळ, वर आंब्याची पानं बांधलेली. रस्ता ओलांडून तेवढं वजन आणताना तिला धाप लागली होती.

आता बाया झाल्या सहा. सम संख्या चालत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बायको पुढे होऊन म्हणाली, "मी बसतो, सात होऊन जाईन." मुलगी म्हणाली, "आई, तुझी साडी हिरवी आहे. सगळी फ्रेम बिघडेल." मग समोरचीकडे वळून अगदी गोड आवाजात, "काकू, तुम्ही इकडे खुर्चीवर बसा ना. तुमचे गुडघे दुखतात." पंखाही तिच्याकडे वळवून दिला. कोणी वाईट बोललं, असं काहीच झालं नाही. हल्ली अपमानसुद्धा अशा काळजीच्या सुरात होतो.

पाचांतली एक उठवता आली असती. मीच सांगायला हवं होतं. पण त्या पाचही जणींचे पैसे मी कबूल केले होते.

वीस मिनिटांत सगळं उरकलं. हळद फारशी फुटलीच नव्हती. मुलगी मोबाईलवर फोटो पाहत होती आणि फोटो खरंच छान आले होते. समोरची उठली, मुसळ खांद्यावर घेतलं, तेव्हा बायको तिच्या ओटीसाठी नारळ आणायला आत गेली होती. ती बाहेर येईपर्यंत समोरचं फाटक लागलं होतं.

संध्याकाळी आम्ही दोघं तांदूळ, नारळ, खण घेऊन गेलो. तिनं ओटी भरून घेतली, चहा दिला. बायको रडायला लागली तर तिनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग माझ्याकडे पाहून शांतपणे विचारलं, "भाऊजी, मले कितीत धरलं होतं गा हिशोबात?"

बावीस वर्षांत ती मला पहिल्यांदा असं बोलली. घरी येताना बायको म्हणाली, "आता कोणाच्या घरी मुसळ धरायले जाणार नाही मी." ती गेलेलीही नाही. मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, बाबा, तुम्ही लोक फार मनाला लावून घेता.

कंपनीचे चार हजार सातशे वीस चुकते केले. लग्नाला समोरची आली. स्टेजवर चढली, मुलीच्या हातात पाचशे एकचं पाकीट दिलं, डोक्यावरून हात फिरवला आणि जेवणाच्या मांडवाकडे न वळता निघून गेली. बायको तिला शोधत पानं मांडलेल्या रांगांतून दोनदा फिरली. चारशे ताटांची हमी मी लिहून दिली होती, त्यामुळे तिच्या न वाढलेल्या ताटाचे साडेसहाशे रुपयेही दुसऱ्या दिवशी केटररला दिले.