उष्टा ट्यूबा

ट्यूबाच्या नळीतलं पाणी मी आप्पांच्या ओट्यावर सोडलं आणि जवळजवळ झालेला सौदा तिथल्या तिथं मोडला.

आप्पांनी चटकन पाय वर घेतले. "हे काय हो मिस्तरी?"

"काही नाही, पाणी आहे."

"कशाचं पाणी?"

घ्या! आली का पंचाईत? ट्यूबा म्हणजे बँडमधलं सगळ्यात मोठं पितळी वाद्य. वाजवणारा ते मांडीवर घेऊन बसला की समोरून त्याचे पाय तेवढे दिसतात. आवाज एकदम खालचा, पोटातला. बाकीची वाद्यं गाणं म्हणतात आणि ट्यूबा त्यांच्या खाली जमीन धरून ठेवतो. फुंकर वेटोळ्यांनी फिरत फिरत वरच्या कर्ण्यातून बाहेर पडते. श्वास गरम, पितळ गार, म्हणून आत दव धरतं. ते काढायला नळीला खालून एक झडप असते. तिला आम्ही वॉटर की म्हणतो. मी नुकतेच डेमो म्हणून चार सूर वाजवले होते आणि सवयीनं ती झडप दाबली होती.

"वाफेचं पाणी आहे आप्पा. भाताच्या झाकणाला आतून धरतं ना, तसलं."

"वाफ कुनाची?"

हा प्रश्न दारातून आला. आप्पांची आई, आक्का, चौकटीत उभ्या होत्या. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग, आणि नजर सरळ माझ्या तोंडाकडं.

"माझी," मी म्हणालो.

"आन् तुमच्या आदी कोन फुकीत हुतं?"

"जहागीरदारांच्या बँडात एक गोवेकर होता."

"त्यो काय खात हुता?"

मी आप्पांकडं बघितलं. आप्पाच हळूच म्हणाले, "मासे खात असल."

"बाई बाई बाई!" आक्कांनी पदर तोंडाला लावला. "आन् हे उष्टं तू मांडवात आहेर म्हून देतूस? पोटच्या पोरीच्या लग्नात?"

तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी परभणीला खाँसाहेबांच्या दुकानात कामाला होतो. बँडची जुनी वाद्यं घ्यायची, त्यांचे पोचे काढायचे, पॉलिश मारायचं आणि विकायची, हा आमचा धंदा. एका जहागीरदारानं आपला घरचा बँड मोडला तेव्हा हा ट्यूबा आमच्याकडं आला. माल एक नंबर, विलायती. पण घेणार कोण? लग्नाच्या बँडवाल्यांना क्लॅरोनेट पाहिजे, काखेत मावणारं पितळी कॉर्नेट पाहिजे. हा आपला दुकानाच्या दारात उभा. गिऱ्हाईक आधी त्याला धडकायचं, मग आत यायचं. खाँसाहेब रोज एकदा तरी ओरडायचे, "मिस्तरी, ये हाथी कब जाता यहाँ से? वो जाता के तुम जाते, बोलो!"

हा हत्ती ज्याला खरंच पाहिजे होता तो माणूस म्हणजे बोरीचा गुलाबभाई. बोरीचा बँड त्याच्या बापानं उभा केलेला. पण जिंतूरकडच्या एका बँडात मोठा बास, म्हणजे असाच ट्यूबा, आला, आणि थेट चारठाण्यापर्यंतची लग्नं तिकडं जायला लागली. गुलाबभाईच्या दोघा कॉर्नेटवाल्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "मास्तर, बास न्हाई आला तर आमी चाललो तिकडं." ते गेले की बँड संपला. गुलाबभाई परभणीला आला की दुकानात यायचा, ट्यूबावर नुसता हात फिरवायचा आणि जायचा. मला लय वाईट वाटायचं. शेवटी बोरीच्या आप्पांनी शब्द दिला. त्यांचं आडतीचं दुकान, हात मोकळा. म्हणाले, लेकीच्या लग्नात मीच ट्यूबा घेतो आणि मांडवात बँडाला आहेर करतो.

आणि आहेर म्हटलं की वस्तू कोरी पाहिजे. उष्टी वस्तू कुणी आहेरात देतं का? आक्कांचं काहीच चुकत नव्हतं.

गुलाबभाई ओट्याखाली उभा होता. तोंड एवढंसं झालेलं. "आक्का, मी उसकू धुऊन..."

"तू गप रं गुलाब. तुला न्हाई म्हनायले का मी? त्या वस्तूला म्हनायले."

मी म्हटलं, आता जे व्हायचं ते होऊ दे. "आक्का, घरचं पितळेचं भांडं परक्या माणसानं वापरलं तर तुमी काय करता?"

"चिंच लावायची, राखंनं घासायचं."

"मग हेबी पितळच आहे की!"

आक्का वाकून ट्यूबाकडं बघायला लागल्या. मी तेवढ्यात माउथपीस उपसून हातात घेतला. माउथपीस म्हणजे तोंडाला लावायची वाटी. "आणि ओठ लागतात ते हिला. ही मी परत नेतो. ही बघा दुसरी, कागदातली, कुणाच्या तोंडाला न लागलेली."

आक्कांनी वाटी उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. "आना मंग आडावर," त्या म्हणाल्या.

काय सांगू तुम्हाला, आडावर जत्रा भरली! मी घाईघाईनं बोटांखालचे तिन्ही वॉल्व्ह काढून खिशात घातले, नाहीतर त्यात राख अडकून सगळंच बसलं असतं. लग्नघरच्या बायका जमलेल्याच होत्या. एक कर्ण्याला चिंच चोळतेय, एक वेटोळ्यात चिंधी घालून ओढतेय, चिंधी दुसरीकडून निघाली की सगळ्या टाळ्या पिटतायत. आक्कांनी तर खांद्यापर्यंत हात आत घातला आणि बांगडी अडकली. मग बांगडीला साबण. एका पोरीनं कर्ण्यात तोंड घालून "कुईऽऽ" केलं तर आक्कांनी तिच्या पाठीत धपाटा घातला, "उष्टं करतीस व्हय!" तासाभरानं ट्यूबा असा चकाकला की मी पॉलिशवाला असून मला माझीच लाज वाटायला लागली. जहागीरदाराच्या घरी त्याची एवढी सेवा कधी झाली नसेल.

मी वॉल्व्ह बसवले. आप्पा समोर येऊन उभे राहिले. शेवटी व्यापारी माणूस. "हं. आता वाजवून दाखवा."

मी नवी वाटी लावली, तोंड पुढं केलं.

"अवो!" आक्का ओरडल्या. "परत उष्टं करायलाव का?"

"मग ट्रायल कशी देऊ?"

"मगा वाजवलं न्हवं का तुमी?"

"ते धुण्याच्या आदी," आप्पा म्हणाले. "आता आत राख बसली असली तर? मुका ट्यूबा आहेर केला तर व्याहीमंडळी हसतील मला. वाजल्याबिगर मी घेनार न्हाई."

झाली की नाही गंमत? आमच्या धंद्यात ट्रायलशिवाय माल जात नाही. ट्रायल तोंडानं. आणि तोंड लागलं की माल बाद! गुलाबभाई मटकन आडाच्या कट्ट्यावर बसला. मी डोकं खाजवत उभा. समोरच लोहाराची भट्टी होती. लोहार भाता ओढत होता, भुस्स भुस्स.

"आप्पा, वारं भात्याचं चालेल का?"

आप्पांनी आईकडं बघितलं. "आई, भाता चामड्याचा असतुया."

"आन् ढोल कशाचा असतुया?" आक्का म्हणाल्या. "भात्याला तोंड न्हाई. चालतंय."

पण नुसतं वारं सोडून ट्यूबा वाजत नाही. त्याचा आवाज वाऱ्याचा नसतो, ओठांच्या थरथरण्याचा असतो. मग ओठ आणायचे कुठून? मी पळतच सनईवाल्या गुरवाकडं गेलो. सनईच्या तोंडाशी बोरूची दुहेरी पत्ती असते, तीच ओठांसारखी थरथरते. त्याच्याकडून एक कोरी पत्ती आणली. तोही ती जिभेनं भिजवायला निघाला होता. मी हात धरला, "बाबा रे, पाण्यात बुडव!" पत्ती मेण लावून नळीत बसवली, भात्याची नळी फडक्यानं तिच्यावर आवळली. फटीतून वारं जायला लागलं तेव्हा आक्कांनी घरातून मळलेली कणीक आणून स्वतःच्या हातानं लिंपली.

"ओढ रे," मी लोहाराला म्हणालो.

पहिल्या ओढीला फुस्स. दुसऱ्या ओढीला कुठंतरी आत काहीतरी कण्हलं. तिसऱ्या ओढीला जो आवाज निघाला तो मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. भ्वांऽऽऽऽ! लोहार दचकून मागं पडला. गावातल्या म्हशी एकामागून एक ओरडायला लागल्या. आणि तिकडून माणसं बोचकी घेऊन पळत आली. त्यांना वाटलं, जिंतूरची सर्व्हिस मोटार आली! एक म्हातारा तर ट्यूबाला बघून मला विचारतो, "जागा हाय का?"

आप्पा हसून हसून खाली बसले. डोळे पुसत म्हणाले, "घेतला मिस्तरी, घेतला! बंद करा ते!"

आता एकच काळजी राहिली, आणि ती साधी नव्हती. मांडवात आहेर होईपर्यंत ट्यूबाला तोंड लावायचं नाही. म्हणजे गुलाबभाईनं उभ्या जन्मात न वाजवलेलं वाद्य सगळ्या वऱ्हाडासमोर पहिल्यांदा वाजवायचं. मी त्याला जुनी वाटी दिली. "ही धुऊन घे आणि नुसत्या हिच्यात ओठ थरथरवायची सवय कर. बोटांची प्रॅक्टिस काठीवर." लग्नापर्यंत तो पठ्ठ्या गावभर भुंग्यासारखा गुणगुणत फिरला. ओठ सुजले. बायकोनं जेवायला वाढायचं सोडलं, म्हणाली, "पैले वो भुंगा बाहर रखके आव!"

लग्नाच्या दिवशी मांडवात जंगमस्वामींनी ट्यूबाला विभूती लावली. आप्पांनी नारळ दिला, टोपी दिली, ट्यूबा दिला. गुलाबभाईनं तो मांडीवर घेतला. दोघं कॉर्नेटवाले पुढं तोंड करून उभे, मनानं केव्हाच जिंतूरला पोचलेले. ढोल वाजला. कॉर्नेट सुरू झाले. आणि मग त्यांच्या खालून तो आवाज आला. जाड, गोल, सरळ. एक कॉर्नेटवाला वाजवता वाजवता मागं वळला, ओळच विसरला. दुसरा एकट्यानंच वाजवत राहिला, पण नाचत. मांडवाच्या दारात नवरदेव घोडीवर बसल्या बसल्या हलायला लागला. मी सेल्समन माणूस, मी नाचत नसतो. त्या दिवशी नाचलो.

जेवणं झाल्यावर तो ओळ विसरलेला कॉर्नेटवाला गुलाबभाईजवळ आला. म्हणाला, "मास्तर, उद्या प्रॅक्टिस कवा?" गुलाबभाईनं त्याची मान धरून त्याला जवळ ओढलं.

वऱ्हाड गेलं. लेक सासरी गेली. मांडवात आम्ही चारच माणसं उरलो. आक्का रडून रडून दमल्या होत्या. ट्यूबाकडं बघून एकदम म्हणाल्या, "बघू रं गुलाब. आन इकडं."

आणि काय झालं ते कुणाला कळायच्या आत त्यांनी वाटीला तोंड लावलं. फुस्स. गुलाबभाई म्हणाला, "होटां दाबून धरा आक्का. भुंगा बोलताय ना, वैसा." आक्कांनी गाल फुगवले. भोंऽऽ! आक्का स्वतःच दचकल्या आणि अशा हसत सुटल्या की डोक्यावरचा पदर खांद्यावर आला.

"आई!" आप्पा ओरडले. "आगं, गुलाबनं दिसभर वाजवलंय ते. उष्टं हाय!"

"हाय तर हाय. आता माजंबी झालं."

गुलाबभाईनं ट्यूबा परत घेतला. वाटी पुसली नाही. तशीच तोंडाला लावली आणि आक्कांसाठी एकट्यानं वाजवायला लागला.

परभणीला परतल्यावर खाँसाहेबांनी रिकाम्या दाराकडं बघून एवढंच विचारलं, "हाथी गया?" मी म्हटलं, हौ, गेला. पुढं दुकान माझ्याकडं आलं आणि मी जन्मभर हाच धंदा केला. मालात सगळ्यात जास्त खोट काढणारं माणूस दिसलं की मी वाद घालत नाही. वाद्य त्याच्याच हातात देतो आणि म्हणतो, "एकदा फुंकून बघा."