कनवटीची किल्ली

आमच्या गाडीला दोन किल्ल्या होत्या. एक दरवाजांची आणि गाडी सुरू करायची, ती माझ्या वडिलांची, तात्यांची. दुसरी फक्त डिकीची, ती आईची. आईला गाडी चालवता येत नव्हती. पुढच्या सीटवर बसली की वळणावळणाला ती दरवाजाचं हँडल घट्ट धरायची आणि डोळे मिटून घ्यायची. डिकीवर मात्र तिचा एकटीचा हक्क होता. ती किल्ली कायम तिच्या कनवटीला खोचलेली असायची. तात्यांना स्टेपनी काढायची झाली तरी जिन्याखालून हाक मारावी लागे, "आगं, किल्ली दे!" आणि ती वरून आधी विचारायची, "कशापायी?"

हे नव्वदनंतरचं. आम्ही जुईनगरला राहायला आलो होतो. तात्या मूळचे साताऱ्याकडचे. तरुणपणी त्यांनी मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहिली, बाजार वाशीला आला तसे तेही इकडे आले आणि पुढे कांदा-बटाट्याचा स्वतःचा लहानसा गाळा केला. गाडी घेतली ती जुनीच, कुणीतरी वापरून सोडलेली. पण आईने तिला सोसायटीच्या फाटकात ओवाळलं तेव्हा तात्या नवरदेवासारखे उभे होते.

दर रविवारी दोघं बाजारात जायची आणि दुपारपर्यंत डिकी भरून यायची. कांदे, बटाटे, कोबी, मटार. बिल्डिंगमधल्या बायका पिशव्या घेऊन आवारात जमलेल्या असत. गाडी थांबली की तात्या निमूट बाजूला व्हायचे. आई उतरायची, पदर खोचायची, कनवटीची किल्ली काढायची आणि डिकी उघडायची. मग कुणाला मोठा कांदा, कुणाला लोणच्याचा बारीक, कुणाच्या सासूला मऊ बटाटा, सगळं तिच्या ध्यानात असे. चौथी शिकलेली माझी आई त्या वेळी आमच्या आवाराची मालकीण असायची. मी कॉलेजात होते, मला त्या कांदेवाटपाची लाज वाटायची. मी खिडकीत बसून बघायची आणि खाली जायची नाही.

दसऱ्याला गाडीची पूजा असे. तात्या झेंडूचा हार घालायचे, चाकांखाली लिंबं ठेवायचे. आई मात्र ताट घेऊन सरळ मागे जायची. ओलं हळद-कुंकू बोटावर घेऊन ती नेमकं डिकीच्या कुलपावर लावायची, किल्लीच्या भोकावरच, आणि वर चार अक्षता दाबायची. बाकीची गाडी तात्यांची होती, ही जागा तिची. लक्ष्मीपूजनाला पुन्हा तेच, पाडव्याला पुन्हा तेच. आम्हा कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग तिचं पोटाचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले आणि थोडे परतही आले. डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे, हिंडूफिरू दे. ती पुन्हा बाजारात जायला लागली तेव्हा घरात कुणी बोलून दाखवलं नाही, पण आम्हाला सुटल्यासारखं झालं.

अशाच एका रविवारी ते घडलं. गाडी आली, बायका जमल्या, आईने किल्ली घातली. किल्ली फिरेना. तिने बोटं पदराला पुसली, पुन्हा घातली. दोन्ही हातांनी जोर केला. बायका बघत होत्या. तात्या पुढे झाले, त्यांनी तिच्या हातातली किल्ली घेतली, झाकणावर डावा पंजा दाबला आणि एक हिसका दिला. डिकी उघडली. तात्या हसून म्हणाले, "जोर संपला काय गं तुज्या हातातला?"

बायका हसल्या. वाईट मनाने नाही, नवरा-बायकोची थट्टा असते तशी. आईही हसली. तिने सगळ्यांना कांदे वाटले, झाकण बंद केलं आणि किल्ली तात्यांच्या हातावर ठेवली. म्हणाली, "तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या ही."

वर आल्यावर ती पलंगावर बसून आपल्या हातांकडे बघत राहिली. "बळ गेलं माजं," एवढंच म्हणाली. मी चिडले. काहीतरी बोलू नकोस, असं म्हणून स्वयंपाकघरात निघून गेले.

त्यानंतर तिने हात आवरते घेतले. डबा उघडायचा झाला तर मला द्यायची. कणीक मळायची नाही, कपडे पिळायची नाही. जमत नाही असं नव्हतं, ती करून बघतच नव्हती. रविवारी तात्या एकटे बाजारात जाऊ लागले. त्यांना वाटता येत नसे. ज्याला जे हाताला लागेल ते देऊन ते मोकळे व्हायचे. हळूहळू बायका यायच्या थांबल्या. दुखणं पुन्हा वर आलं आणि थंडी सरायच्या आत आई गेली. डॉक्टरांना विचारलं तर ते दुखण्याचंच नाव घेतील, आणि ते खरंही असेल.

ती गेल्यावर तात्यांनी डिकी उघडलीच नाही. किल्ली बंडीच्या खिशात असायची. बाजारातून येताना काही आणायचं झालंच तर मागच्या सीटवर टाकायचे.

मग एके दिवशी पुढचं चाक बसलं. स्टेपनी डिकीत. तात्यांनी किल्ली घातली, हिसका दिला, गुडघा लावला, पण कुलूप ढिम्म हललं नाही. आणखी जोर केला असता तर किल्ली मोडली असती. त्यांनी ती बाहेर काढली आणि उजेडात धरून ती वाकली नाही ना ते बघितलं.

स्टेशनजवळच्या गॅरेजवाल्याने एका नजरेत सांगितलं, "लॉक गेलंय. तोडून टाकू, नवीन बसवू. नव्या दोन चाव्या मिळतील, टेन्शन नाही."

"नव्या चाव्या नगंत," तात्या म्हणाले. "ह्याच किल्लीनं उघडलं पायजे."

"काका, नव्या लॉकला जुनी चावी कशी लागेल?"

"मग ऱ्हाऊ दे."

त्याला त्यांनी तसंच परत पाठवलं. गाडी एका बाजूला कलून आवारात उभी राहिली. सोसायटीचा सेक्रेटरी रोज मला जिन्यात गाठून विचारायचा आणि मी रोज तात्यांवर चरफडायची. मला तेव्हा वाशीला नोकरी लागली होती, घर आणि ऑफिस करताना माझा जीव मेटाकुटीला यायचा. त्यात हे एका किल्लीचं खूळ. मी म्हणाले, "तात्या, ती किल्ली घरात ठेवा की जपून. गाडीला नवी घ्या." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नुसती ठिवून काय करू? उघडत न्हाई त्या किल्लीला किल्ली म्हंत्यात व्हय?"

मग ऑफिसातून येता-जाता मीच चौकशी केली. वाशीत एका दुकानाच्या जिन्याखाली एक किल्लीवाला बसायचा. तो म्हणाला, होतं की. कुलपाच्या आत बारीक पितळी पत्त्या असतात, किल्लीच्या दातांवर त्या वर-खाली होतात. जुन्या पत्त्या काढून त्याच क्रमाने नव्या कुलपात घालायच्या, म्हणजे नवं कुलूप जुनी किल्ली मानतं. त्याला वेळ होता रविवारी दुपारी.

तो आला. मागची सीट उचकटून अर्धा आत शिरला आणि शिव्या घालत घालत आतून कुलपाचे स्क्रू सोडवले. झाकण वर झालं तसा कोंदट वास आला. आत स्टेपनी होती, एक गोणपाट होतं आणि कांद्याची सालं. तात्यांनी हात घालून ती सालं जरा सारखी केली, जणू तिथं कुणी निजणार होतं.

किल्लीवाला पायरीवर वर्तमानपत्र पसरून बसला आणि कुलपाची नळी खोलायला लागला. ती सहज निघेना. निघाली तेव्हा आत सगळं लाल होतं. गंजाचा तांबूसपणा वेगळा आणि हा वेगळा. लाल-पिवळा, दगडासारखा वाळलेला थर, प्रत्येक पत्तीच्या फटीत शिरलेला. त्याने टोच्याने खरवडलं तर तांदळाचा एक काळपट दाणा बाहेर आला.

"पूजा जोरात होते वाटतं शेठ तुमच्याकडे," तो हसला. "सगळं कुंकू आत गेलंय." आणि त्याने जोरात फुंकर मारली.

"आरं, फुकू नगं!" तात्या एकदम पुढे झाले. पण तोवर ते उडून फरशीवर सांडलं होतं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "हे कवापासनं आसंल?"

"लय जुनं असणार. एका दिवसात नाय होत. आदी जड जातं, मग जाम होतं." तो पत्त्या रॉकेलच्या वाटीत टाकत होता, त्याचं लक्ष कामात होतं. "तुमच्यासारख्याचा हात असला तर हिसका मारून चालतं काय दिवस. पण लेडीज माणसाला नाय जमणार. त्यांना वाटणार, आपल्यालाच उघडता येत नाय."

तात्यांनी स्वतःचे हात बघितले, पोती उचलून रुंद झालेले ते पंजे. ज्या हातांना ते कुलूप जड झाल्याचं कधी कळलंच नाही, ते हात. मला त्यांच्याजवळ जावंसं वाटलं आणि गेले नाही. आमच्या घरात तशी रीत नव्हती.

एक स्प्रिंग उडाली, ती शोधण्यात बराच वेळ गेला. शेवटी नवं कुलूप बसलं. किल्लीवाला म्हणाला, "लावून बघा शेठ." तात्यांनी किल्ली घातली. हिसक्याच्या तयारीने डावा पंजा झाकणाकडे गेला होता, तो त्यांनी मागे घेतला. अंगठा आणि एक बोट, एवढ्यावरच किल्ली फिरली. त्यांनी झाकण लावलं, पुन्हा तसंच उघडलं. पुन्हा लावलं. किल्लीवाला मजुरी घेऊन गेला तरी त्यांचं चालूच होतं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी दूध घेऊन आल्या. पूर्वी दर रविवारी पिशवी घेऊन सगळ्यांत पुढे त्याच असायच्या. तात्यांनी त्यांना थांबवलं. परक्या बाईला त्यांनी असं आपणहून थांबवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"वैनी, जरा ही किल्ली फिरवून बगा."

त्या बावरल्या. दुधाची पिशवी माझ्याकडे दिली आणि किल्ली फिरवली. डिकी उघडली.

"छान झालं की," त्या म्हणाल्या. "दुरुस्त केलंत वाटतं."

"कुलूप बिघडलं व्हतं," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज मोठा झाला होता, जिन्यापर्यंत जाईल इतका. "पयल्यापासनं कुलूपच बिघडलं व्हतं. तिच्या हाताला काय झालं न्हवतं. जोर व्हता तिच्या हातात."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे.

"कुणाच्या हातात?" त्यांनी विचारलं.

तात्यांनी डिकी लावली, किल्ली बंडीच्या खिशात टाकली आणि स्टेपनी काढायचीच राहिली होती ते विसरून जिना चढायला लागले.