मेणदोऱ्याने बांधलेल्या तारा

इतागुई शहरातल्या आमच्या कारखान्यात रुबिएला उसुगाने जोडलेली वीजपेटी उघडली की गिऱ्हाईक आधी बघतच राहायचं. आत शंभरेक तारा, पण एकही वाकडी नाही. सगळ्यांचं मिळून एकच जाड जुडगं, मेण लावलेल्या दोऱ्याने तीन-तीन बोटांच्या अंतरावर गाठी मारून बांधलेलं. ही बांधणी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये शिकली होती. बावीस वर्षं तिथे काढली, एक्स्चेंज बंद झालं तेव्हा दोऱ्याचं रीळ घेऊन आमच्याकडे आली. सगळे तिला मानाने ‘दोन्या’, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचे. प्लॅस्टिकच्या पट्ट्या आवळणाऱ्यांना ती सरळ आळशी म्हणायची. मी यंत्रांचे सांगाडे जोडतो, माझे हात कायम ग्रीसने काळे. तिच्या पेटीला बोट लावायची मला बंदीच होती.

तिची दुसरी खोड म्हणजे ‘का’. अरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, थापून कापणाऱ्या यंत्रासाठी आमच्याकडे पहिल्यांदाच डिजिटल सर्व्हो ड्राइव्ह, मोटर नेमकी फिरवणारा डबा, आला, तेव्हा तिने माझं जेवण कडू केलं.

“मोटरला फिरवायचं काम या डब्याचं. मग मोटरच उलट त्याला ‘मी इथे आहे, मी इथे आहे’ असं का सांगत बसते?”

“डब्याला डोळे नाहीत म्हणून,” मी म्हणालो.

“आणि मोटरला आहेत?”

मी पुन्हा जेवणाकडे वळलो. तिने मात्र माहितीपुस्तक चष्मा लावून तीनदा वाचलं आणि मोटरच्या शेपटाशी बसवलेला एन्कोडर मला बोटाने दाखवला. तो क्षणोक्षणी मोटर किती फिरली ते मोजतो आणि बारीक केबलमधून ड्राइव्हला कळवतो. ड्राइव्ह त्यावरून जाड केबलमधून हवी तेवढी ताकद पाठवतो. एवढं समजल्यावरच तिने स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला.

आमचे मालक हिल्दार्दो यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की यापुढची यंत्रं सगळी याच जातीची येणार. ही जोडणी धड झाली तर ते काम रुबिएलाचं, नाहीतर नवा इंजिनिअर ठेवणार आणि ती साधे दिव्यांचे बोर्ड जोडणार. म्हणून तिने जीव ओतला. जाड, बारीक, सगळ्या केबली पेटीपासून मोटरपर्यंत तीन मीटर एकत्र बांधत नेल्या. इतकी सुरेख बांधणी मी तिच्याही हातची पाहिली नव्हती.

वीज दिली आणि मोटर अंगात आल्यासारखी घुमू लागली. थरथरली, धक्के दिले, मग ड्राइव्हने तिला बंद करून एक आकडा दाखवला. पुस्तकात त्याचा अर्थ होता, एन्कोडर काय सांगतोय ते कळत नाही. आम्ही एकूण एक जोड तपासला, सगळे बरोबर. मोटर बदलली, तरी तेच.

“दोन्या रुबिएला, तुमच्या बांधणीत खोट निघायची नाही,” मालक म्हणाले. “डबाच बिघडलेला पाठवलाय.” त्यांनी डब्यासोबत द्यायला विकणाऱ्याला खरमरीत पत्र लिहिलं. तीन वाजता त्याचा माणूस डबा न्यायला येणार होता.

सगळ्यांना पटलं, तिला सोडून. दुपारी जेवायच्या सुट्टीत तिने पुन्हा वीज दिली. तिचा छोटा रेडिओ चालू होता, त्यावर रोजची मालिका लागली होती. तो तिने जुडग्याशेजारी ठेवला आणि नायिकेचं रडणं बुडून नुसती खरखर येऊ लागली. उचलला, रडणं परत आलं. मग ती रेडिओ जुडग्यावरून सावकाश फिरवत गेली. मी काही बोलायला तोंड उघडलं तर म्हणाली, “गप्प बसा हो.”

शेवटी ती स्टुलावर बसली. “एक्स्चेंजात तारांच्या दोन जोड्या लांबवर खेटून गेल्या की एकीचं बोलणं दुसरीत ऐकू यायचं. इथे जाडी बोंबलतेय आणि बारकीचं म्हणणं त्यात बुडतंय.”

खात्रीसाठी तिने एन्कोडरची दुसरी केबल आणली आणि झाडूच्या दांड्यावरून, जुडग्यापासून हातभर लांबून नेली. मोटर गुपचूप, लोण्यासारखी फिरली.

मला आनंद झाला, पण खोट बांधणीतच निघाली म्हणजे तिचं काम आता नव्या इंजिनिअरकडे जाणार. “दोन्या, मालकांना एवढंच सांगू की डबा आपोआप सुधारला. कोणाला कळतंय?”

“आणि पुढच्या यंत्राला मी पुन्हा अशीच बांधीन, तेव्हा?” ती माझ्यावर खेकसली आणि मालकांना घेऊन आली.

सगळं ऐकून मालकांनी पत्र घडी करून खिशात घातलं. दुरुस्तीच्या कागदावर दोन रकाने असतात. चूक कोणाची, आणि शोधली कोणी.

“पहिल्यात माझं नाव लिहा,” रुबिएला म्हणाली. “दुसऱ्यातही.”

मालकांनी लिहिलं. मग आत जाऊन त्यांनी पुढच्या यंत्राचा नकाशा आणला आणि तिच्यासमोर पसरला. “दोन केबलींमध्ये किती अंतर सोडायचं, ते यावर तुम्हीच लिहून द्या.”

“लिहिते. आधी हे होऊ दे.”

तिने पुरवठा तोडला, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे डब्यात साठलेली वीज उतरेपर्यंत दहा मिनिटं थांबली आणि कात्री घेतली. मी मदतीला पुढे झालो, पण तिने हात आडवा केला. बासष्ट गाठी होत्या. एकेक तिनेच कापली आणि मधून मधून बाहीने डोळे पुसत राहिली.