टॉवेलाखालचा विमा

वैशाखऱ्याहून शहापूरच्या लॅबमध्ये नोकरीला जायचं म्हणजे दोन एसट्या, आणि त्यातली एक रोज चुकायची. म्हणून मी गाडी घ्यायचं ठरवलं. आईला वाटलं, स्कूटी. मी सेकंडहँड स्पोर्ट बाइक बघितली, लालभडक, पुढे वाकून चालवायची. मला तीच हवी होती, आणि हव्या असलेल्या गोष्टीची कारणं मी देत बसत नाही.

गाडी विकणारा कल्याणचा माणूस ती मुरबाडला विमा एजंटच्या ऑफिसापर्यंत घेऊन आला. तिचा विमा संपत आला होता, नवा माझ्या नावाने काढायचा होता. बाबा बैलांचे व्यापारी. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, किल्ली खिशात टाकली आणि सांगितलं, विम्याचा सौदा ते करणार. भाव पटला तर गाडी ठेवायची, नाहीतर हा माणूस आलाय तसा घेऊन जाईल. पैसे माझे, घासाघीस त्यांची.

एजंटने आकडा सांगितला तेव्हा माझेच डोळे पांढरे झाले. बाबांनी शांतपणे खांद्यावरचा टॉवेल टेबलावर पसरला आणि खाली हात घातला. बैलबाजारात भाव असाच ठरतो, टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबून, म्हणजे बघ्यांना कळत नाही. एजंट शहरातला. त्याला वाटलं, हात मिळवायचा असेल. त्याने हात आत घातला आणि घाबरून माझ्याकडे बघितलं.

बाबांचं म्हणणं, पोरगी तरणी आहे, नजर चांगली आहे, तिला विमा कमी पाहिजे. जास्त लावायचा तर म्हाताऱ्यांना लावा. एजंट म्हणाला, वय नाही, इंजिन बघतात, आणि हे इंजिन मोठं आहे. बाबांनी बोटं दाबली. त्याने तोच आकडा पुन्हा सांगितला, तोही मोठ्याने, याचा बाबांना फार राग आला. मला तर गाडी कल्याणला परत जाताना दिसायला लागली.

शेवटी बाबा एकेक रक्कम कशाची ते विचारू लागले. एका ठिकाणी एजंट अडखळला. चालवणाऱ्याचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना पंधरा लाख मिळतात, त्याचे हे पैसे, म्हणाला.

टॉवेल पुन्हा हलला.

"काका, तुम्ही वाढवताय," एव्हाना बोटं ओळखायला लागलेला एजंट म्हणाला.

"पोरीचं बोलतोस तू. पंधरा काय सांगतो रे?"

रक्कम सगळ्यांना सारखीच असते, त्यात त्याच्या हातात काही नाही, हे त्याने तीन तऱ्हांनी सांगून बघितलं. बाबांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला, त्याने सांगितलेले सगळे पैसे मला द्यायला लावले आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"पंधराच्या वर देत नाय म्हणतात गो. तू जपून चालव."

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. घरी जाताना बाबा मागे बसले होते, मी चाळीसच्या वर गेलेच नाही. सरळगावला त्यांनी विचारलं, गाडीत काही बिघाड आहे का.