गाडीतलं थंड मशीन

मागच्या महिन्यात वडनेर भोलजीहून एक गृहस्थ माझ्याकडे आले. आमच्या गल्लीतली एक मुलगी त्यांच्या पुतण्याला सांगून आली होती. मुलगी पसंत होती, पण तिचा आजा 'लागलेला' होता, मेलेल्या बाईनं त्याला धरलं होतं, असं कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. 'तुम्ही जुनं मानूस. खरं काय थे सांगा,' ते म्हणाले. त्यांना जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो, कारण त्या माणसाला वेडा ठरवण्यात माझा हात होता.

महाराष्ट्र होऊन तेव्हा काहीच वर्षं झाली होती. बुलढाण्यात मोटार स्टँडच्या मागे माझं लहानसं गॅरेज होतं. त्याआधी मी मलकापूरला बर्फाच्या कारखान्यात होतो, त्यामुळे गॅस आणि कॉम्प्रेसरचं काम असलं की लोक माझ्याकडेच येत. जानेफळकडे मोठी शेती असलेल्या एका मालकांचा बंगला आमच्या गावात होता. त्यांच्याकडे एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार होती. बुटकी, लांब नाकाची, दोनच सीटांची. मालकीणबाईंना ऊन सोसत नसे, म्हणून मालकांनी गाडीत मुंबईहून एअर कंडिशनर बसवून आणला होता. गावात त्याला थंड मशीनच म्हणत.

बाई आजारी पडल्या. अकोल्याच्या दवाखान्यात नेताना वाटेतच, त्याच गाडीत, डाव्या सीटवर त्यांचा जीव गेला. मशीन त्यानंतर चाललं नाही. त्याची जाळी रेडिएटरच्या पुढे बसवलेली, त्यामुळे घाट चढताना इंजिन मात्र तापायचं. शेवटी मालकांनी ते काढून टाकायला सांगितलं.

गाडी घेऊन त्यांचा ड्रायव्हर आला. माझ्याहून थोडा मोठा, झुपकेदार मिशीचा, थट्टेखोर माणूस. हाच त्या मुलीचा आजा.

'मिस्तरी, जपून काहाड बे. बाईसाहेब आत बसून असतीन.'

'मंग तूच सांग त्यायले, उतरा म्हनाव.'

'मी नाही सांगत. मले म्हनतीन, गाडी हळू चालव.'

मशीन बंद असलं तरी नळ्यांत गॅस होता. नट ढिला केला तसा तो सुसकारत बाहेर आला आणि पान्यावर पांढरा बर्फ धरला. वैशाखातली भर दुपार, आणि माझी बोटं गारठून बधिर झाली. कॉम्प्रेसर उतरवला, जाळी काढली. मग डाव्या सीटच्या समोर, डॅशबोर्डखाली असलेली मशीनच्या पंख्याची पेटी उघडली. आतून वाळ्याच्या अत्तराचा वास आला, आत्ताच लावल्यासारखा. पंख्याच्या दांड्याला लांब केस गुंडाळले होते. एक-दोन नव्हेत, चांगला बोटभर जाड पेड. तो कात्रीनं कापावा लागला. ड्रायव्हरनं ते पाहिलं आणि त्याची थट्टा थांबली.

इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधल्या पत्र्याला नळ्यांसाठी दोन भोकं होती. एकात मी लाकडाची गुट्टी ठोकली. दुसऱ्यात जुनं रबर तसंच होतं, मधोमध चिरलेलं. त्यावर पत्रा मारायला हवा होता. पण त्या सीटपुढे पुन्हा डोकं घालायची माझी छाती होईना. वरून चटई ओढली आणि काम पक्कं झालं म्हणून सांगितलं.

त्या काळी ड्रायव्हर लोक पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडत. मलकापूरला उतरणाऱ्या घाटात आमचा ड्रायव्हरही तसंच करी. थोड्याच दिवसांत तो गॅरेजवर आला. बसायला स्टूल दिलं तर बसला नाही.

'मिस्तरी, गाडीत कोनी तरी रडून राह्यलं.'

'कोन?'

'डाव्या सीटवर. घाटात इंजिन बंद केलं का सुरू होते. खाली सपाटीले लागलो का थांबते.'

मी हसलो, पण मला लगेच ते चिरलेलं रबर आठवलं. वेगानं वारा आत शिरला की ती फट पिपाणीच्या जिभेसारखी थरथरणार आणि इंजिन बंद असलं की तो आवाज ऐकू येणार, हे सांगायला कारागीर लागत नाही. तरी मी बोललो नाही. पक्कं म्हणून सांगितलेलं काम कच्चं निघालं असतं.

त्यानं त्या गाडीत बसायचं सोडलं. खरंखोटं करायला मालकांनी मला बोलावलं. स्टिअरिंगवर मी, डाव्या सीटवर मालक. घाटाच्या माथ्यावर मी इंजिन बंद केलं. गाडी उतरू लागली, नुसता टायरांचा आवाज. दुसरं वळण घेतलं आणि ते सुरू झालं. शिट्टीसारखं नव्हतं ते. तोंडात पदर कोंबून बाई रडते तसं, दम घेत घेत. कारण मला माहीत होतं, तरी अंगावर काटा आला. सांगून टाकावं म्हणून मी मालकांकडे वळलो. त्यांनी डोळे मिटले होते.

'थेच हाय,' ते म्हणाले. 'माहेराहून निघाली का अशीच रडे. आपलं जानेफळचं शेत येईलोक.'

खाली पोचल्यावर म्हणाले, 'पुन्हा वर घे.' आणि बंगल्याच्या फाटकाशी उतरताना म्हणाले, 'कोनाले सांगू नको. कोनी भगत आनतीन आन् तिले हाकलून देतीन.'

त्यांनी गावात सांगितलं, गाडीत काही नाही. मीही तेच सांगितलं. त्यानंतर मालक एकटेच गाडी घेऊन घाटात जात.

आवाज ऐकणारा मग ड्रायव्हर एकटा उरला. त्याला झोप येईना. एसटीत बसला तरी तेच रडणं ऐकू येतं म्हणू लागला. घरच्यांनी त्याला बाधा उतरवायला एका दर्ग्यावर नेऊन ठेवलं. मी भेटायला गेलो तेव्हा तो लिंबाखाली बसला होता. मिशी काढलेली, पायात साखळी. मला पाहून तो नीट सावरून बसला.

'मशीन तू काहाडलं, घाटात तूबी गेलता. खरं सांग, तुले आयकू आलं का?'

'नाही,' मी म्हणालो. 'काई नाही आलं.'

तो साखळीची कडी फिरवू लागला.

'मंग माह्याच डोक्यात असन.'

पुढे तो घरी आला, पण स्टिअरिंगला त्यानं पुन्हा हात लावला नाही. शेळ्या राखायचा. गिरणी सुरू झाली, कोकिळा ओरडली, की जवळ असेल त्याला विचारायचा, 'तुमालेबी आयकू आलं ना?' पोरं मुद्दाम नाही म्हणायची. असाच तो म्हातारा झाला आणि गेला. मालक त्याच्या आधीच गेले होते. त्यांची गाडी भंगारात जायच्या आदल्या दिवशी मी शेडमध्ये जाऊन चटई उचलली आणि ते रबर काढून आणलं. तेव्हापासून ते माझ्याकडे एका डब्यात आहे.

वडनेरच्या पाहुण्यांपुढे मी तो डबा ठेवला.

'म्हंजे आजा शहाना होता,' ते म्हणाले.

'तुमच्या-माह्याएवढा.'

'मंग तुम्ही तवा काऊन नाही बोलले?'

मी डब्याचं झाकण काढलं. त्यांनी रबर उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि चिरेवर ओठ लावून फुंकलं. पुन्हा एकदा जोरात फुंकलं.

'काका, हे तं नुसती हवा हाय. तुमाले काई आयकू आलं का?'

मला आलं होतं. तोंडात पदर कोंबल्यासारखं, दम घेत घेत.

'हो,' मी म्हणालो. 'आत्ताबी आलं, आन् तवाबी आलं होतं.'

पाहुण्यांनी रबर हळूच डब्यात ठेवलं आणि हात धोतराला पुसला.

'मंग लागलेले असान तं तुम्ही असान.'

'हाव,' मी म्हणालो. 'पोरीच्या घरात कोनी नाही.'